कंसातली आत्या

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातल्या आमच्या शेताचा एक जुना, हाताने लिहिलेला सातबारा मी जपून ठेवलाय. त्यावर माझ्या आत्याचं नाव आहे, पण कंसात. शेजारी फेरफाराचा, म्हणजे नोंद बदलल्याचा, नंबर. सातबारा ज्यांनी कधी निरखून बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते: नावाला कंस झाला की ते माणूस त्या जमिनीतून गेलं. वारलं, विकून मोकळं झालं, नाहीतर त्यानं हक्क सोडला. आत्या आज बहात्तर वर्षांची आहे, गुडघे सोडले तर ठणठणीत. तिनं काही विकलेलं नाही. तिनं सही केली होती.

ती सही होताना मी तिथे होते. आजोबा गेल्यावर वर्षभरातच, १९९८ च्या उन्हाळ्यात. अकरावीची परीक्षा देऊन मी रिकामी होते म्हणून मला सोबत नेलं. तालुक्याच्या गावी रजिस्ट्री ऑफिसबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये एक दस्तलेखक बसायचे. त्यांनी हक्कसोडपत्र भराभरा वाचून दाखवलं. त्यातले तीन शब्द एका दमात आले, म्हणून लक्षात राहिले: राजीखुशीने, दबावाविना, विनामोबदला. आत्या सिन्नरहून सकाळच्या एसटीनं आली होती. तिनं चष्मा लावला, पदर सारखा केला आणि वडिलांना विचारलं, "दादा, कुठं करू?" वडिलांनी बोट ठेवलं, तिथे तिनं सही केली. मग आम्ही सगळ्यांनी भजी खाल्ली, आणि वडिलांनी पिशवीतून साडी काढून तिच्या हातात दिली. येवल्याची पैठणी. पण सेमी. घरी आल्यावर आई म्हणाली, "खरी तरी घ्यायची होती." सगळ्या प्रकारात आक्षेप आला तो एवढाच.

त्या साडीचा हिशेब मी पुष्कळ वर्षांनी केला. जमीन पाच एकर, वडिलोपार्जित. आजी आधीच गेलेली, भावंडं दोनच. तेव्हाच्या कायद्यानं पाचपैकी निम्मी वडिलांची जन्मानं, आणि आजोबांच्या निम्म्यात बहीण-भाऊ सारखे वाटेकरी. म्हणजे आत्याचा चौथा हिस्सा. सव्वा एकर बागायत, विहिरीच्या पाण्यासकट.

माझे वडील दुष्ट नव्हते. आत्याला सासरी त्रास सुरू झाला तेव्हा हेच वडील रात्री मोटारसायकल काढून सिन्नरला गेले होते आणि तिला दोन महिने घरी ठेवून घेतलं होतं. तिच्या लग्नासाठी सोसायटीचं कर्ज काढलं, ते त्यांनीच फेडलं. आत्या आजही त्यांचं नाव निघालं की डोळ्यांना पदर लावते. पितृसत्ता म्हणजे काय हे कुणाला सांगायचं झालं तर मी म्हणूनच ही गोष्ट सांगते. तो शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे दारू पिऊन मारणारा नवरा येतो, आणि मग आपण हुश्श करून म्हणतो, आमच्याकडे बाई तसलं काही नाही.

मारहाण हे तिचं सर्वांत उघडं रूप, पण पितृसत्ता म्हणजे वाईट पुरुषांची टोळी नव्हे. घर, जमीन, काम, नाव आणि नाती यांची मांडणीच अशी झालेली असते की मालकी आणि निर्णय पुरुषांकडे आपोआप जातात. कुणाला काही हिसकावून घ्यावं लागत नाही. 'आपोआप' हा यातला कळीचा शब्द. पाटाचं पाणी उताराकडे जातं. बारं, म्हणजे शेताला पाणी, देणाऱ्याचा स्वभाव गोड आहे की तिरसट, यानं उतार बदलत नाही. माझे वडील स्वभावानं गोड होते.

'पुरुषप्रधान' हा शब्द आपल्या जास्त ओळखीचा, पण मला 'पितृसत्ता' बरा वाटतो. त्यात पिता आहे. म्हणजे ही सत्ता नुसती पुरुषाची बाईवर नाही, थोरल्या पुरुषाची धाकट्या पुरुषावरही आहे. बावीस वर्षांचा पोरगा बापाला न विचारता कांदा कधी विकायचा ते ठरवू शकत नाही, लग्न कुणाशी करायचं हे तर सोडाच. फरक एवढाच की त्याला थांबलं की पाळी मिळते. एक दिवस तो बाप होतो, कारभारी होतो. त्याच्या बहिणीच्या पाळीची वेळ त्या घरात येतच नाही. ती दुसऱ्या घरी जाते आणि तिथे शून्यापासून सुरुवात करते.

ही मांडणी बघायची असेल तर सातबारा पुस्तकांपेक्षा बरा. त्यात एक रकाना असतो कब्जेदाराच्या नावाचा, म्हणजे मालकाचा. दुसरा असतो 'इतर हक्क'. या दुसऱ्या रकान्यात सोसायटीचा बोजा येतो, बँकेचं कर्ज येतं, विहिरीतल्या पाण्याचा वाटा येतो, जमीन कसणाऱ्या कुळाचं नाव येतं. आणि कितीतरी सातबाऱ्यांवर बहिणींची नावंही याच रकान्यात लिहिलेली सापडतात. भाऊ मालकाच्या रकान्यात, बहीण कर्जाच्या शेजारी. कुणा तलाठ्यानं मुद्दाम अपमान करायचा म्हणून असं लिहिलेलं नाही. बहीण म्हणजे जमिनीवरचा एक बोजा, कधीतरी उतरवायचा, हे त्याच्याही घरात तसंच होतं.

आता प्रश्न असा, की आत्यानं सही का केली? तिला कळत नव्हतं असं नाही. जुनी सातवी पास होती, आणि दुकानदाराशी आठ आण्यांवरून हुज्जत घालायची. तिला मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "जमीन घेऊन काय करू? माहेर गेलं असतं." एका वाक्यात तिनं सगळा व्यवहार मांडला. माहेर म्हणजे नुसती भाऊबीज आणि दिवाळीचे चार दिवस नव्हेत. नवऱ्यानं हाकललं तर जायची जागा, नवरा गेला तर दोन घास, पोरीच्या लग्नात मामा म्हणून उभा राहणारा माणूस. हा तिचा एकुलता एक विमा होता, आणि सव्वा एकर हा त्याचा हप्ता. भावानं तो तोंडानं मागितला नाही, बहिणीनं नाइलाजानं भरला असंही ती म्हणणार नाही. पण हप्ता चुकला तर काय होतं हे दोघांना ठाऊक होतं. गावात एकीनं हिस्सा मागितला होता. तिच्या भावाच्या दारात तिला पुन्हा पाणी मिळालं नाही.

डेनिझ कांडियोटी या तुर्की वंशाच्या अभ्यासक बाईंनी १९८८ मध्ये या प्रकाराला नाव दिलं. मराठीत सांगायचं तर पितृसत्तेशी केलेला सौदा. त्यांचं म्हणणं असं, की बायका मुकाट्यानं सोसत नाहीत, त्या हिशेब करतात. जे नियम हाताशी आहेत त्यांतून जास्तीत जास्त सुरक्षितता कशी मिळेल ते बघतात. आपल्याकडे चावून चोथा झालेलं वाक्य आहे ना, 'बाईच बाईची वैरी', त्याचं उत्तर या सौद्यात सापडतं. सून म्हणून आलेल्या मुलीला घरात काडीचा अधिकार नसतो. मुलगा झाला की थोडा मिळतो. मुलाचं लग्न होऊन सून आली की पहिल्यांदा कुणीतरी तिच्या हाताखाली येतं. पंचवीस वर्षं भरलेल्या भिशीची पाळी आली, आणि नेमकी त्याच वेळी सून म्हणते, भिशी बंद करा. सासू चिडणार नाही तर काय? सासवांना वकीलपत्र देण्याचा माझा विचार नाही. पण भिशी कुणी सुरू केली हे न विचारता हप्ते भरणाऱ्या दोघींनाच एकमेकींच्या वैरी ठरवणं फार सोयीचं आहे.

मुलीवर एवढा पहारा कशासाठी, याचं सर्वांत नेमकं उत्तर मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका जुन्या निबंधात सापडलं. १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्यांनी तो वाचला होता. वय पंचवीस. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावल्यानं, आणि ती तशीच लागावीत म्हणून बाईवर बंधनं येतात, असा त्यांचा मुद्दा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या तिन्ही चाली त्यांनी त्याच एका गरजेला बांधून दाखवल्या. म्हणजे जात हे कुलूप असेल तर बाई ही त्याची किल्ली, आणि किल्ली कुणी मोकळी ठेवत नाही. पोरगी पळून गेली तर 'तोंड काळं केलं' म्हणतात. पोरगा पळून गेला तर आईवडिलांना मनस्ताप होतो, पण घराण्याचं नाक जागेवर राहतं. जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलीवर घरचेच हात उचलतात तेव्हा 'एवढी माया करणारे बापभाऊ असे कसे झाले' असं आपण म्हणतो. याचं कारण बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. पुढे मुलींना वारसाहक्क देणारं हिंदू कोड बिल संसदेत रखडलं, ते १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडण्याच्या कारणांपैकी एक होतं. त्या बिलाचे तुकडे करून नंतर जे कायदे आले, त्यांतलाच एक १९५६ चा हिंदू वारसा कायदा. आत्याचा सव्वा एकर त्याच कायद्यातला.

जमीन सोडून जरा कामाकडे येऊ. ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की आमच्याकडे द्राक्षबागेत बायकांची रांग लागते. घड भरायला लागले की थिनिंग: कात्रीनं एकेक मणी काढायचा, बाकीच्या मण्यांना फुगायला जागा करून द्यायची. मान वर, हात वर, दिवसभर. मग डिपिंग, म्हणजे औषधाच्या पाण्यात एकेक घड बुडवायचा. हे काम बायकांना का, असं विचारलं तर बागाईतदार कौतुकानं सांगतो, "बाईचा हात हलका असतो, मणी दुखवत नाही." मग मजुरी कमी का, तर, "बायांचं काम हलकंच की." एकाच हलकेपणातून कौशल्यही निघतं आणि पैसे कापायचं कारणही. औषध फवारणाऱ्या ब्लोअरवर बसलेल्या गड्याची मजुरी जास्त. त्याच्या कामात जोखीम आहे म्हणतात. औषधात दिवसभर हात बुडवणाऱ्या बाईच्या कामात बहुधा ती नसावी! समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला. बागेत तो मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, आमच्या घरच्या बागेतही नाही.

आणि ज्या कामाला मजुरीच नाही त्याचं काय? सरकारनं २०१९ मध्ये देशभर लोकांचा दिवस कसा जातो याची मोजणी केली. आपल्या घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाला २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ९७. तीही घरकाम करणाऱ्या पुरुषांची. ज्यांनी त्या दिवशी काहीच केलं नाही ते या सरासरीत नाहीतच. २०२४ मध्ये पुन्हा मोजलं. बायकांची दहा मिनिटं कमी होऊन २८९ झाली. वाटलं, चला, पुरुषांनी थोडं उचललं असेल. तर त्यांचीही नऊ मिनिटं कमी होऊन ८८! बहुतेक कुकर सुधारले असावेत.

यात पुरुषांचं काय जातं, असं कुणी विचारलं तर मी वडिलांचं शेवटचं वर्ष सांगते. अवकाळीनं दोन हंगाम गेले होते. बँकेची नोटीस त्यांनी कपाटात कपड्यांखाली ठेवली होती. आईला कळलं ते वडील गेल्यानंतर. रडणं, सांगणं, मला झेपत नाही म्हणणं या गोष्टी कारभाऱ्याला शोभत नाहीत हे त्यांना लहानपणीच शिकवलं होतं, 'पोरीसारखा रडतोस काय' या तीन शब्दांत. 'बांगड्या भर' ही शिवी पुरुषाला देतात, पण तिच्यात हलकं कोण ठरतं ते बघा. पितृसत्तेत पुरुषाला मान मिळतो, जमीन मिळते, ताट आधी मिळतं. किंमत म्हणून एकट्यानं बुडायची सक्तीही मिळते.

आता ज्यांनी हे बदलायला घेतलं त्यांच्याकडे. स्त्रीमुक्ती म्हणजे बाहेरून आलेलं खूळ असं म्हणणारे अजून आहेत, म्हणून एकच तारीख सांगते: १८८२. त्या वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री पुरुष तुलना' छापलं. निमित्त होतं सुरतेच्या एका विधवेचं, विजयालक्ष्मीचं. गर्भ राहिला, तिनं मूल मारलं, आणि वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या नीतीवर आसूड ओढले. ताराबाईंनी उलटा सवाल केला: जे दोष बायकांना लावता तेच पुरुषांत नाहीत काय? ती मराठी इतकी खणखणीत आहे की तिला कुठूनही आणावं लागलेलं नाही.

नाशिकच्या शाळकरी इतिहासात काळाराम मंदिराचा सत्याग्रह येतोच. २ मार्च १९३० ला सुरू झाला, पाच वर्षं चालला, दादासाहेब गायकवाडांनी इथे धुरा सांभाळली. त्या सत्याग्रहात बायकाही होत्या, हे मात्र शाळेत कुणी ठासून सांगत नाही. ज्या बाईला देवळात जात आडवी येत होती आणि घरात बाईपण, ती दोन्ही ओलांडून रस्त्यावर आली होती. पुढच्या पिढीत याच शहरातल्या शांताबाई दाणी आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाच्या कामातून पुढे आल्या, विधान परिषदेत गेल्या, मुलींच्या शिक्षणासाठी खपल्या. 'बायकांचा प्रश्न' आणि 'जातीचा प्रश्न' असे दोन वेगळे खण करायची चैन त्यांना परवडणारी नव्हती.

मला मात्र सर्वांत जवळचं वाटतं ते चांदवड. नाशिकहून मालेगावकडे जाताना लागतं ते. अहिल्याबाईंचा रंगमहाल तिथलाच. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन तिथे भरलं, आणि ज्या बायकांना 'शेतकरी' या शब्दात कुणी धरत नव्हतं त्या गाड्या भरभरून आल्या. त्यातून पुढे निघालेल्या कामांपैकी एक म्हणजे लक्ष्मीमुक्ती. संघटनेचे नेते शरद जोशी यांचा युक्तिवाद शेतकऱ्याच्याच भाषेतला होता. सरकार आपल्या मालाला भाव देत नाही, आपलं देणं बुडवतं, म्हणून आपण ओरडतो ना? मग घरच्या लक्ष्मीनं आयुष्यभर केलेल्या कामाचं देणं कुणी बुडवलं? ते आधी फेडा, जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा. ज्या गावात शंभर कुटुंबांनी असं केलं ते लक्ष्मीमुक्ती गाव. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यात पुढे होतं.

त्या मोहिमेची मला आवडणारी गोष्ट ही, की पुरुषांना आधी पापी ठरवून मग सुधारा म्हटलं नाही. हिशेब चुकलाय, मिटवा, असं म्हटलं. शेतकऱ्याला हिशेब कळतो. तिच्या मर्यादाही होत्याच. नवऱ्यानं प्रेमानं दिलेला तुकडा हा शेवटी नवऱ्यानं दिलेलाच. आणि नाव बाईचं, पण मोटार कधी चालू करायची ते ठरवणार तोच, हे सरपंचपतीसारखंच. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत, तरी ग्रामसभेत 'सरपंच' म्हणून हार कुणाच्या गळ्यात पडतो ते आपण बघतोच. तरीही मी म्हणेन, नाव आधी लागू द्या. नाव असलं की बँकेला, तलाठ्याला, एखाद्या दिवशी तिला स्वतःलाही ते वाचावं लागतं.

त्र्यंबकेश्वरला २०१६ च्या एप्रिलमध्ये जे झालं ते तर पितृसत्तेच्या शिकवणीला घ्यावं असं आहे. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की देवळात पुरुष जिथे जाऊ शकतात तिथे बायकांना अडवणारा कोणताही कायदा नाही. त्र्यंबकच्या गर्भगृहात तोवर ठरावीक वेळी पुरुषांना सोवळ्यात जाता येई. आता बायकांना सोडणं आलं. तर देवस्थाननं काय करावं? पुरुषांचाही प्रवेश बंद केला. झाली समानता! नंतर बायकांना सकाळचा एक तास दिला, ओल्या सुती किंवा रेशमी वस्त्राच्या अटीवर. अट ऐकूनच बऱ्याच जणी मागे फिराव्यात अशी सोय. तरी काही जणी गेल्या. माझी आई, जी दर श्रावणात त्र्यंबकला जाते, तिला हे पटलं नव्हतं. "कशाला हवंय आत जायला? बाहेरून दिसतो की देव." मी वाद घातला नाही. दोन दिवसांनी भाकरी थापता थापता तीच म्हणाली, "पण बाहेर थांबायचं हे कुणी ठरवलं असेल गं?"

आदिवासी तालुक्यांबद्दल लिहिल्याशिवाय नाशिकचं चित्र अर्धंच राहील. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, कळवण या पट्ट्यात वर सांगितलेला हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागूच होत नाही. तिथे चालीरीतींवर भिस्त. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात एक छोटं, मोलाचं कलम आहे: लग्न झालेल्यांना मिळणारा जमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला जो लाँग मार्च गेला, जवळपास १८० किलोमीटर, त्यातली मोठी मागणी याच वनपट्ट्यांची होती. त्यातल्या बायकांच्या फुटलेल्या तळव्यांचे फोटो सगळ्यांनी बघितले. हळहळलो आपण. त्या आपल्याही नावाच्या कागदासाठी चालत होत्या हे फोटोत दिसत नव्हतं.

कायद्याचं तेवढं सरळ सांगून टाकते, कारण सही करायची वेळ आली की कुणी सांगत नाही. १९५६ च्या कायद्यानं हिंदू मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क फक्त मुलांना ठेवला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये तो मुलींनाही दिला, पण २२ जून १९९४ आधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरच्या मुलींना, लग्न झालेलं असो वा नसो, मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात हवेत का, यावर पंधरा वर्षं खल चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनिता शर्मा खटल्यात सांगितलं, गरज नाही. मुलीचा हक्क जन्मापासूनचा. २० डिसेंबर २००४ आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. आणि नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही. ते वाचून, घरी नेऊन, दोन दिवस उशाशी ठेवून मग सही करावी. 'लग्नात खर्च केला' हे वारसा तोडायचं कायदेशीर कारण नाही. तो खर्च तिच्या हातात आलेलाच नसतो, मांडवात आणि सासरच्यांच्या मानपानात गेलेला असतो.

नावाचंही थोडं बदलतंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदावर महाराष्ट्रात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. माझ्या मैत्रिणीच्या नातीचा दाखला बघून मैत्रिणीचे सासरे म्हणाले, "फार लांबलं नाव." त्यांच्या स्वतःच्या लेटरहेडवर पदव्यांसकट दोन ओळी आहेत.

वडील गेले त्याला आता चार वर्षं झाली. वारसनोंदीसाठी भावाचा फोन आला, "ताई, कधी येतेस? एक कागद करायचाय." कसला ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "नेहमीचाच गं. हक्कसोड." मी म्हटलं, मी वारसनोंदीला येते, हक्कसोडीला येणार नाही. पुढचे सात महिने कठीण गेले. ती भाऊबीज झाली नाही. आई फोनवर रडली, मग चिडली, मग म्हणाली, तुम्ही दोघं बघा. आत्या मात्र एकदा सिन्नरहून मुद्दाम माझ्या घरी आली. काही बोलली नाही, तीच पैठणी नेसून आली होती. जाताना म्हणाली, "काठाची जर टिकली नाही बघ हिची."

सातबाऱ्यावर आज आईचं, भावाचं आणि माझं अशी तीन नावं आहेत, कब्जेदाराच्या रकान्यात. बाग भाऊच कसतो. माझ्या वाट्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही, आणि मला घाईही नाही. यंदाच्या भाऊबीजेला त्यानं बोलावलं. ओवाळलं, पाकीट दिलं, जेवलो, आवाज मात्र दोघांचेही जपून.

मी निघताना भावजय मागच्या दारी पाण्याच्या टाकीशी आली. तिनं त्या सात महिन्यांत माझ्याशी धड बोलणं ठेवलं नव्हतं, आणि तिच्या बाजूनं ते बरोबरच होतं. जमीन तिच्या पोरांच्या वाट्यातून गेली होती. हात पुसत पुसत म्हणाली, "ताई, आमच्या अण्णांचं वर्षश्राद्ध झालं मागच्या महिन्यात. दिंडोरीहून भाऊ येतोय सोमवारी, कागद घेऊन." मग आत कुणी ऐकत नाही ना ते बघून तिनं विचारलं, "सही करायच्या आधी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू का त्याचा?"